मनोरुग्णाच्या दारात कोण हवं: पोलीस की डॉक्टर?

खाडीकाठचा: घोडबंदर रोडला शेजारच्या सोसायटीत एका पोराने टेरेसवर जाऊन दार बाहेरून लावून घेतलं. घरच्यांनी ११२ ला फोन केला. दोन पोलीस आले. तरुण शिपाई काठी आपटत, "ए, उघड, नाहीतर तोडतो!" हवालदाराने त्याला खाली पिटाळलं, मोबाईल उगारून उभी असलेली पब्लिक हाकलली, पायरीवर बसला आणि विचारलं, "जेवलास का रे?" बऱ्याच वेळाने कडी निघाली. प्रश्न असा, की हे एकाच्या स्वभावावर का सोडायचं? अमेरिकेत मेम्फिसमध्ये १९८७ साली एक मनोरुग्ण तरुण पोलिसांच्या गोळीने गेला. १९८८ पासून तिथे अशा कॉलसाठी ४० तासांचं प्रशिक्षण घेतलेले पोलीस असतात. ठाणे, नवी मुंबईत प्रत्येक पोलीस ठाण्यात, प्रत्येक पाळीला असा एक तरी हवा.

वाशीकर: साफ असहमत. 'पोलीस माझ्या मागावर आहेत' असा भ्रम ज्याला झालाय, त्याच्या दारात खाकीच उभी करायची? अमेरिकेतच ओरेगन राज्यातल्या युजीन शहरात १९८९ मध्ये सुरू झालेल्या सेवेत समुपदेशक आणि वैद्यकीय माणूस जायचे, बंदूक नाही, बेड्या नाहीत. आपल्याकडे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, पण तो फोनपुरता. घरी येणारं पथक उभारा. पोलिसांना बंदोबस्त थोडा आहे का?

निवृत्त सिस्टर: वाशीकर, रात्री दोन वाजता कोण येतं हो? मी मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली आहे. ओढणीने हात मागे बांधून आणलेले पेशंट पाहिलेत, मनगटावर वळ उठलेले. बांधणारे बहुतेकदा घरचेच, पोलीस नुसते बघत उभे. पोलिसांना बाजूला ठेवायचं म्हटलं तरी कायदा ठेवू देत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० बघा: आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारा कुणी रस्त्यावर भटकताना सापडला, तर त्याला संरक्षणात घ्यायचं, लॉकअपमध्ये टाकायचं नाही आणि २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं. हे पोलिसांचंच काम आहे. मग ते शिकवायला नको?

कोपरीचा बंड्या: त्या हवालदाराला आधी बढती द्या, मग चर्चा करा.

वाशीकर: सिस्टर, रस्त्याचं मान्य. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अटल सेतूवर कॅबवाल्याने कठड्यापलीकडच्या बाईला धरून ठेवलं, वाहतूक पोलिसांनी वर ओढलं. तिथे पोलीसच हवा. मी घरातल्या कॉलबद्दल बोलतोय. आणि तुमचा शिकलेला पोलीस बदली होऊन उद्या वाहतुकीला गेला की?

खाडीकाठचा: बदलीचा मुद्दा बिनतोड आहे, म्हणून सरसकट सगळ्यांना नको. मेम्फिसलाही स्वतःहून पुढे येणाऱ्यांतूनच निवडतात. पण दोघेही एक विसरताय. ११२ वर फोन उचलणाऱ्याने "हत्यार आहे का? औषध चालू होतं का? आत्ता जवळ कोण आहे?" एवढं विचारलं, तर कुणाला पाठवायचं ते तिथेच ठरेल.

निवृत्त सिस्टर: आणि "औषध कधी बंद केलं?" हेसुद्धा. घरचे ते आपणहून सांगत नाहीत.