ढगात शिरल्यावर काय करायचं हे सगळ्या लष्करी वैमानिकांना शिकवतात, मग राहतं काय?

घाटवाट७७:
८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं एमआय-१७ व्ही-५ कोसळलं. तिन्ही दलांच्या चौकशीत यंत्रातला बिघाड किंवा घातपात निघाला नाही. दरीतलं हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं आणि वैमानिकाला दिशाभ्रम झाला, असा निष्कर्ष आला. इन्स्ट्रुमेंटवर, म्हणजे बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर, उडायला तर सगळेच शिकतात. मग सरावात नेमकी उणीव कुठे?

सायक्लिक:
त्या एका अपघातावरून प्रशिक्षणावर ठपका ठेवता येणार नाही, पण उणीव सगळीकडे सारखीच दिसते. क्रम पाठ असतो: ॲटिट्यूड इंडिकेटर (कल दाखवणारं यंत्र) बघून हेलिकॉप्टर समतल, हेडिंग (नाकाची दिशा) कायम, टॉर्क (इंजिनाची ताकद) चढाईचा, वेग चढाईचा. रेडिओ सगळ्यात शेवटी.

सराव मात्र दोन-तीन हजार फुटांवर, १०० नॉटला (ताशी १८५ किमी), सरळ उडताना होतो. "हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून लावायची झापड) घाला" म्हटलं की वैमानिक सावध. शिवाय हुडाच्या कडेतून ऊन सरकताना दिसतं, तेवढ्यावरूनही कल कळतो.

खरा ढग गाठतो तो ३०० फुटांवर, वेग ५०-६० नॉटवर आलेला, बहुधा माघारी वळताना. सेकंदाला २ अंशांहून हळू वळण तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला जाणवत नाही. काटा बघून समतल केलं की उलट बाजूला कलल्यासारखं वाटतं आणि हात सायक्लिक (हेलिकॉप्टर कलवायची दांडी) पुन्हा जुन्या कलाकडे नेतो. त्यात ४० नॉटखाली बऱ्याच हेलिकॉप्टरांचा वेगदर्शक भरवशाचा राहत नाही.

नकाशावाला:
दरीचं गणितही कोणी करून घेत नाही. ८० नॉटला सेकंदाला ३ अंशांनी मागे वळायला १ मिनिट आणि जवळपास १.६ किमी रुंदी लागते. मिनिटाला १,००० फुटांनी चढलात तर ३०० मीटर वर जाईपर्यंत अडीच किमी पुढे गेलेले असता. समोरची डोंगराची धार २ किमीवर असेल तर 'वर चढा' हा सल्ला काय कामाचा? मार्गाच्या प्रत्येक टप्प्यासाठी सर्वात उंच धार अधिक २,००० फूट हा आकडा निघण्याआधीच मांडीवरच्या पॅडवर लिहिलेला हवा.

घाटवाट७७:
'ढगात १७८ सेकंदांत खेळ खलास' म्हणतात, ते खरं?

सायक्लिक:
तो आकडा १९५४ च्या इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगाचा. २० वैमानिक, आणि बोनान्झा हे स्थिर पंखांचं छोटं विमान. हेलिकॉप्टरला लावू नका. स्थिरीकरण यंत्रणा नसेल तर ते हात सोडला की स्वतःहून सरळ होत नाही.

सिम्युलेटरवर करायचं ते असं: न सांगता दृश्यमानता ५ किमीवरून हळूहळू ८०० मीटरवर आणा. गुण सावरण्याला नाही, वैमानिक कितव्या मिनिटाला मागे फिरला त्याला द्या. ठरवलेल्या वेगापेक्षा ३० नॉटने कमी झालात की मागे फिरायचा निर्णय झालाच पाहिजे.

नकाशावाला:
आणि सहवैमानिकाला जोडीला बसवूनच. दोघंही काचेतून जमीन शोधत राहिले तर काट्यांकडे बघायला कोणीच उरत नाही. एकाने "मी आत" (म्हणजे नजर आता काट्यांवर) असं मोठ्याने म्हणायचं, दुसऱ्याने उंची नि हेडिंग वाचत राहायचं.