बदली झाली की कंट्रोलर पुन्हा शिकाऊ: यावर काही तोडगा?

टॉवरताई:
नमस्कार मंडळी. एटीसीत, म्हणजे विमानांना रेडिओवरून वाट दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रणात, अकरा वर्षं झाली, त्यातली सात अप्रोचला (विमानतळाकडे येणारी-जाणारी विमानं सांभाळायला). स्टेशनांची नावं मुद्दाम लिहीत नाही. मागच्या जूनमध्ये बदलीची ऑर्डर आली आणि पंधरा दिवसांत रिलीव्ह केलं. लेकीच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून झाली होती.

नव्या ठिकाणी पंचविशीतला एक मुलगा माझा इन्स्ट्रक्टर. पहिल्याच आठवड्यात माईक दाबला आणि सवयीने जुन्याच स्टेशनचं नाव तोंडातून गेलं. वैमानिक म्हणाला, "से अगेन?" पोराने मान खाली घालून हसू दाबलं. चूक माझीच.

रेटिंग, म्हणजे परवान्यावरची त्या कामाची मंजुरी, त्या-त्या युनिटपुरतं असतं, याला माझी हरकत नाही. मुंबईचे एकमेकांना छेदणारे दोन रनवे कोल्हापूरच्या अनुभवावर कोणी चालवू नयेत. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परवान्यांबद्दलच्या अनेक्स १ मध्ये टॉवरसाठी किमान ९० तास किंवा एक महिना, अप्रोच आणि एरियासाठी (लांबच्या मार्गातली विमानं) १८० तास किंवा तीन महिने, यातलं जे जास्त ते, त्याच युनिटमध्ये करायला सांगितलंय. पण कागदावर मी जॉइन झाले त्या दिवसापासून 'एक कंट्रोलर'! प्रत्यक्षात चार महिने इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकाऊ. इकडे जुन्या स्टेशनच्या रोस्टरमध्ये माझी जागा रिकामी, तिथले लोक नाइटमागून नाइट करतायत. म्हणजे एका बदलीत दोन्हीकडे खड्डा.

युनिटमधल्या चर्चेसाठी सूचना लिहून द्यायच्या आहेत. काय लिहू?

पेठकर:
ताई, सरळ पुणे मागा की! एवढं काय?

टॉवरताई:
माहेर साताऱ्याचं, मला नको होतं का पुणे? पण तिथलं एटीसी हवाई दलाकडे आहे. दाबोळी नौदलाकडे. आमच्या, म्हणजे विमानतळ प्राधिकरणाच्या कंट्रोलरांच्या, वाट्याला मुंबई, नागपूर, संभाजीनगर, कोल्हापूर, शिर्डी, मोपा असली ठिकाणं.

निवृत्त_डब्ल्यूएसओ:
तुमची जागा घेणाऱ्याला रेटिंग मिळाल्यावरच तुम्हाला सोडावं, असं लिहाल. डब्ल्यूएसओ, म्हणजे पाळीचा प्रमुख, असताना मीही लिहिलं होतं. पण तो तिसऱ्या स्टेशनवरून येणार, त्याला चौथा सोडवणार. साखळी जिथे संपते, म्हणजे जिथे प्रयागराज, हैदराबाद, गोंदियाच्या प्रशिक्षण केंद्रांतून नवी बॅच येते, तिथून ऑर्डरी सुटायला हव्यात. आपल्याकडे नेमकं उलटं.

दुसरं, एका स्टेशनवर एका वेळी किती जण पाठवायचे ते तिथल्या इन्स्ट्रक्टरांच्या संख्येवर ठरवा. माझ्याकडे एकदा सहा जण आले, शिकवणारे तिघे. बाकीचे तिघे महिनाभर कॅन्टीनमध्ये.

आणि अनेक्स १ पूर्ण वाचा. तेच रेटिंग दुसऱ्या युनिटचं आधीच असेल तर तास कमी करायचे का आणि किती, हे ठरवायची मुभा परवाना देणाऱ्या यंत्रणेला आहे.

टॉवरताई:
काका, ती मुभा मला माहीत आहे, पण तास कमी करा असं मी मागणार नाही. ते 'से अगेन' अजून कानात आहे. ऑर्डर निघाली त्याच दिवशी नव्या युनिटचं मॅट्स पार्ट टू (तिथल्या कामाच्या नियमांचं पुस्तक) आणि शेजारच्या युनिटांशी झालेले करार हातात पडले, तर नकाशे, फिक्स (हवाई मार्गावरचे ठरलेले बिंदू), उंचीच्या मर्यादा जुन्या स्टेशनवर बसूनच पाठ होतील. मला ते जॉइन झाल्यावर नवव्या दिवशी मिळालं, तेही फोटोकॉपी, पान चौदा गायब.

कंट्रोलरचा_नवरा:
बायको एटीसीत, मी बँकेत, दोघंही बदलीवाले. रेटिंगमधलं मला कळत नाही. ऑर्डर मार्चअखेर काढा, एवढंच लिहा. जूनमध्ये शाळा 'सीट नाही' म्हणते, आणि क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही गेस्ट हाउसच्या एका खोलीत कुकर लावतो.

टॉवरताई:
मार्चचा मुद्दा पहिला टाकते. काका, साखळीचं जरा उदाहरणासकट लिहून पाठवाल का? उद्या नाइट आहे, परवा दुपारी सगळं टाइप करायला बसते.

निवृत्त_डब्ल्यूएसओ:
पाठवतो. पान चौदा मिळालं का शेवटी?

टॉवरताई:
नाही. त्या पोराने त्याच्या वहीतून उतरवून दिलं.