अशुद्ध लेख पुढे न वाचता परत करावा का?

मूळ प्रस्ताव (एक संपादक)

आमच्या ऑनलाइन प्रकाशनाकडे बाहेरच्या लेखकांकडून येणाऱ्या लेखांसाठी गुणवत्तेचे लेखी निकष ठरवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मसुद्यातील बहुतेक कलमांवर एकमत झाले: लेख अन्यत्र प्रसिद्ध झालेला नसावा, आकडेवारीचा आधार संपादकाला कळवावा, लेख किमान 800 शब्दांचा असावा. एका कलमावर मात्र सहकाऱ्यांत तीव्र मतभेद आहेत. ते कलम असे: लेखाच्या पहिल्या 300 शब्दांत शुद्धलेखनाच्या 10 पेक्षा अधिक चुका आढळल्यास लेख पुढे न वाचता लेखकाकडे परत पाठवावा आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाठवण्याची मुभा द्यावी.

मी या कलमाच्या बाजूने आहे. 'परीक्षा' हा शब्द एकाच परिच्छेदात दोन प्रकारे लिहिलेला दिसतो, तेव्हा नियम माहीत असण्या-नसण्याचा प्रश्नच उरत नाही. लिहिणाऱ्याने आपला मजकूर दुसऱ्यांदा वाचलेला नाही, एवढे त्यातून नक्की कळते. ज्याने अक्षरांकडे पाहिले नाही त्याने आकड्यांकडे पाहिले असेल, असे मी कशाच्या बळावर मानावे? नियम फार अवघड आहेत, ही तक्रारही मला पटत नाही. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये 14 नियम ठरवले, 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडली, आणि हे 18 नियम उदाहरणांसह एका बैठकीत वाचून होतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार सामान्यतः दीर्घ, 'मूल' पण 'मुलाला', 'फूल' पण 'फुलाला', एवढे आत्मसात केले तरी निम्म्या चुका टळतील. विरोधी मते सविस्तर मांडावीत, अशी विनंती आहे.

प्रतिसाद 1 (अनुवाद तपासणारा)

माझा या कलमाला पूर्ण विरोध आहे, कारण ते दोष मोजते खरे, पण वाचकाचे नुकसान करणारे दोष त्याच्या चाळणीतून सुखरूप निसटतात. मी गेली अनेक वर्षे अर्थ आणि आरोग्य या विषयांवरील अनुवादित लेख मूळ मजकुराशी ताडून पाहतो. 'मिलियन' म्हणजे दहा लाख. त्याचे भाषांतर 'कोटी' झाले की आकडा दहापट फुगतो. 'बिलियन' म्हणजे शंभर कोटी. तिथे नुसते 'कोटी' पडले की तो शंभरपट आकसतो. प्रमाण 5 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर गेले असेल, तर ती वाढ 5 टक्केबिंदूंची असते आणि त्याच वेळी 100 टक्क्यांचीही असते. 'पाच टक्क्यांनी वाढ' असे लिहिणारा वाचकाला चुकीची माहिती देतो. यांपैकी एकाही वाक्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक नसते. असे लेख आपल्या कलमाच्या कसोटीवर पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होतील.

उलट, एखाद्या कामात वीस-पंचवीस वर्षे घालवलेला, पण लिहिण्याची सवय नसलेला माणूस पहिल्यांदाच लेख लिहितो, तेव्हा त्याच्या मजकुरात वेलांट्या चुकतात आणि माहिती मात्र अशी असते की ती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. वेलांटी मुद्रितशोधक अर्ध्या तासात सुधारू शकतो. न वाचता परत केलेल्या लेखातली माहिती कोण सुधारून देणार?

प्रतिसाद 2 (मुद्रितशोधक)

'अर्ध्या तासात' हा अंदाज वरच्या प्रतिसादकांनी बहुधा स्वतः मुद्रितशोधन न करता बांधलेला आहे. 1500 शब्दांच्या अत्यंत अशुद्ध लेखाला माझे अडीच-तीन तास जातात, कारण अशा लेखात चूक फक्त वेलांटीची नसते: वाक्याचा कर्ता हरवलेला असतो, विरामचिन्हे नसल्यामुळे दोन विधाने एकमेकांत मिसळलेली असतात, आणि लेखकाला नेमके काय म्हणायचे आहे ते विचारल्याशिवाय हात लावता येत नाही. शिवाय ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे निव्वळ सजावट, असेही नाही. 'शिर' म्हणजे डोके आणि 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब.

तरीही 10 चुकांची मर्यादा मला मान्य नाही, आणि तिचे कारण वेगळे आहे. चूक कशाला म्हणायचे, हे कलमात लिहिलेलेच नाही. 'आणि' चा णि ऱ्हस्व असणे हा नियमातलाच अपवाद आहे, पण तो 'दुरुस्त' करून दीर्घ करणारे तपासनीस मी पाहिले आहेत. संगणकावरचा शुद्धलेखन-तपासक वापरणार असाल तर अडचण आणखी वाढते. मराठीत एका नामाला विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि त्यांवर पुन्हा 'च', 'ही', 'सुद्धा' लागून इतकी रूपे होतात की ती सगळी शब्दकोशात मावत नाहीत, आणि पूर्णपणे शुद्ध शब्दाखाली लाल रेघ येते. 'दुसऱ्या' यातील अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकलिखित होतो; पडद्यावर दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण साधा तपासक त्यांपैकी एकालाच ओळखण्याची शक्यता असते. तेव्हा मोजणार असाल तर माणसाने मोजावे, आणि एकच चूक लेखभर दहा वेळा आली असेल तर ती एक धरावी.

प्रतिसाद 1 चे प्रत्युत्तर

'शिर' आणि 'शीर' यांचा दाखला माझ्या मते उलट बाजूने जातो. 'शीर दुखावली' आणि 'शिर दुखावले' या वाक्यांत क्रियापदच लिंग सांगते, त्यामुळे वेलांटी चुकली तरी वाचकाची फसगत होत नाही. हरवलेला कर्ता आणि मिसळलेली विधाने या मात्र खऱ्या अडचणी आहेत, हे मी मान्य करतो. मग कलमात त्याच लिहाव्यात.

प्रतिसाद 3 (एक लेखिका)

माझा अनुभव सांगणे इथे अप्रस्तुत ठरणार नाही. तीन महिने खपून लिहिलेला लेख मी एका ऑनलाइन प्रकाशनाकडे पाठवला होता. 'आपले लेखन आमच्या दर्जात बसत नाही' एवढे एक वाक्य उत्तरादाखल आले. कोणता दर्जा, कुठे कमी पडले, भाषा खटकली की मांडणी, हे मी दोनदा विचारूनही कळले नाही. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी काही लिहिले नाही.

म्हणून माझा आग्रह असा आहे की निकष कडक असोत वा सौम्य, नकाराबरोबर किमान तीन ठळक जागा दाखवाव्यात. दुसरी गोष्ट, प्रमाणभाषा आणि शुद्धलेखन यांची गल्लत होऊ नये. ज्याच्या घरी 'मी म्हटलं' ऐवजी 'म्या म्हनलं' असे बोलले जाते, त्याने निवेदन प्रमाणभाषेत लिहावे ही अपेक्षा मी समजू शकते. पण त्याने उद्धृत केलेल्या संवादातली बोलीसुद्धा चुकांच्या यादीत गेली, तर तो लेखक पुन्हा आपल्याकडे फिरकणार नाही.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

संवादातली बोली चुकांत मोजू नये, ही सूचना मी मसुद्यात आजच घालतो. तीन जागा दाखवण्याची सूचनाही न्याय्य आहे, आणि ती कलमाशी सुसंगतच आहे. परंतु प्रतिसाद 1 मधील युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे: अशुद्ध लिहिणारा तो अनुभवी आणि शुद्ध लिहिणारा तो उथळ. माझ्या टेबलावर येणाऱ्या लेखांत ही विभागणी दिसत नाही. अशुद्ध लेखांपैकी फार थोड्यांत दुर्मीळ माहिती असते. बाकीचे दोन-तीन ठिकाणांहून उचलून घाईने जोडलेले असतात.

प्रतिसाद 4 (संकेतस्थळाची तांत्रिक बाजू सांभाळणारा)

सर्वांनी बिनविरोध मान्य केलेले 800 शब्दांचे कलम मला शुद्धलेखनाच्या कलमापेक्षा अधिक हानिकारक वाटते, आणि त्यावर कुणीच बोललेले नाही. लांब लेख शोधयंत्रात वर येतो, या समजुतीतून अशी अट जन्माला येते. वास्तविक गूगलने लेखनकर्त्यांसाठीच्या आपल्या मार्गदर्शनात, आपल्याला कोणतीही ठरावीक शब्दसंख्या पसंत नाही, असे स्पष्टपणे म्हटले आहे, आणि शोधनिकालांच्या क्रमवारीत 2011 मध्ये केलेल्या 'पांडा' या बदलाचा रोखच मुळी पोकळ, केवळ संख्येसाठी लिहिलेल्या मजकुरावर होता. 450 शब्दांत संपणारा मुद्दा 800 पर्यंत ताणायला लावला की लेखक प्रस्तावना लांबवतो, तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा लिहितो, आणि शेवटी सगळ्याचा सारांश जोडतो. हा दोष लेखकाचा नसून आपल्या अटीचा आहे.

दुसरे असे की शुद्ध मजकूर ही मेहनतीची खूण आहे, हे गृहीतक आता टिकत नाही. यंत्राकडून काही सेकंदांत बऱ्यापैकी निर्दोष मजकूर मिळतो. तो यंत्राने लिहिला की माणसाने, हे ओळखणारी साधनेही विश्वासार्ह नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःचे असे साधन जानेवारी 2023 मध्ये आणले आणि अचूकता कमी असल्याचे सांगून त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतले. इतर मजकुराशी साम्य शोधणाऱ्या साधनांचा टक्का म्हणजेही वाङ्मयचौर्याचा पुरावा नव्हे, कारण त्यात अवतरणे आणि रूढ शब्दप्रयोगही मोजले जातात. अशा काळात ऱ्हस्व-दीर्घाला पहिला पहारेकरी नेमले, तर यंत्रलिखित लेख थेट आत येतील आणि माणसाने हाताने लिहिलेला लेख दारात अडकेल.

प्रतिसाद 2 चे प्रत्युत्तर

प्रतिसाद 4 शी मी सहमत आहे, मात्र त्यावरून शुद्धतेची अट काढून टाकावी असा निष्कर्ष निघत नाही. ती एकमेव अट नसावी, इतकेच त्यातून निघते. आपला मजकूर नीट करून पाठवणे हा वाचकाबद्दलचा आदर आहे, आणि तो आदर मुद्रितशोधकाच्या कष्टांतून उसना घेऊ नये.

मूळ प्रस्तावकाचे उत्तर

चर्चेनंतर मी कलम बदलून असे लिहीत आहे. संपादकाने लेखाचे पहिले दोन परिच्छेद वाचावेत आणि लेखातील कोणतेही एक पडताळण्याजोगे विधान निवडून त्याचा आधार लेखकाला विचारावा. आधार समाधानकारक असेल, तर भाषेतील चुकांमुळे लेख नाकारू नये. चुका अधिक असल्यास ठळक जागा दाखवून दुरुस्तीसाठी तो एकदा परत द्यावा. आधार न मिळाल्यास लेख कितीही शुद्ध असला तरी नाकारावा. किमान शब्दसंख्येची अट मी काढत आहे. 'दोन वेळा स्वतः मोठ्याने वाचून मगच पाठवावा' ही विनंती लेखकांसाठीच्या सूचनेत सर्वांत वर ठेवतो, कारण त्याबाबतचे माझे मत बदललेले नाही.

प्रतिसाद 1

नव्या कलमाला माझी संमती आहे. फक्त 'एकदा परत द्यावा' यातील 'एकदा' वर मी अडतो. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याला दुसरी संधी पुरेलच असे नाही.

प्रतिसाद 2

तिसऱ्यांदा आलेला तोच लेख वाचायला वेळ कोण देणार, हे कलमात नावानिशी लिहावे. मग माझी हरकत नाही.