मदत हवी आहे : घाणेरी पुन्हा फुटलीय

मुरमाड :
दोन वर्षांत दोनदा जेसीबी फिरवला, तरी घाणेरी (टणटणी, ते परदेशी झुडूप) पहिल्यापेक्षा दाट. पाऊस तोंडावर आलाय. देशी झाडं कोणती लावू? लवकर सांगा.

चैत्रपालवी :
जागा कुठे, किती? पाण्याची सोय? गुरं येतात का?

मुरमाड :
मुळशी, वीस गुंठे, उतार. पाणी नाही. झाडांची नावं सांगा ना.

डोंगरवाट :
ग्लायफोसेट तणनाशक मारा, विषय संपला. आमच्या बांधावर मारलं होतं.

चैत्रपालवी :
बांध वेगळा, उतार वेगळा. माती वाहिली की औषधही ओढ्यात. आणि मातीतल्या बियांचं काय?

जुनी वहिवाट :
सुबाभूळ लावा. पाण्यावाचून जगते, शेळ्यांना पालाही.

टिकाव :
काका, हात जोडते, सुबाभूळ नको! तीही मेक्सिकोकडचीच. शेंगा तडकल्या की उतारभर रोपं.
मुरमाडदादा, जेसीबीनं बुंधे तुटून तिथेच राहिले, वर माती उकरून जुनं बी उघडं पडलं. खोड जमिनीत शिरतं तिथल्या गाठीतून फुटवे येतात. टिकावानं गाठीच्या खाली मूळ तोडा आणि झुडूप उलटं, मुळं आभाळाकडे करून वाळवा. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबूंची ही पद्धत. आम्ही तशीच काढली. पावसात नवी रोपं ओल्या मातीतून हातानं उपटायची, फुलायच्या आत. तीनेक वर्षं सोडायचं नाही.

हिरवळ :
गाजर गवत खाणारा मेक्सिकन भुंगा आहे, १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला होता. तो मागवा.

टिकाव :
तो घाणेरीला तोंड लावत नाही हो.

डोंगरवाट :
वीस गुंठे टिकावानं? मजूर कुठून आणायचे?

टिकाव :
एकदम कशाला? वरच्या अंगानं सुरुवात करा, म्हणजे बी खाली घरंगळत येणार नाही. मोकळ्या जागेत करवंद, धायटी, निरगुडी, मग पळस. घाणेरीची काळी फळं खाऊन बुलबुलच बी पसरवतात, त्यांना करवंदं मिळू देत.

मुरमाड :
शेजारच्या शेळ्या येतात, सांगायचं राहिलं.

चैत्रपालवी :
तेच पहिल्यांदा विचारलं होतं! वाळलेल्या घाणेरीचीच वई, म्हणजे कुंपण, घाला. मात्र हिरवा पाला शेळ्यांपुढे टाकू नका. कावीळ होते, उन्हात कातडी सोलते.

मुरमाड :
सकाळी चार झुडपं काढली. चौथ्याखाली सुतळीएवढ्या खोडाचं करवंद निघालं, सहा पानं, काटे आलेले. हलवू की तिथेच राहू दे?

टिकाव :
तिथेच. भोवती दगडांचं आळं करा.