पाच विमानांले 15,000 कोटी? मंग राफेलच अजून घेतले असते तं काय बिघडलं असतं?

धानवाला_पवनी

राम राम मंडळी. काल धान खरेदी केंद्रावर नंबर लावून बसलो होतो, पुढं सतरा ट्रॅक्टर अन् वजनकाटा बंद, मंग बसल्या बसल्या गोष्टी निघते तशा निघाल्या. आमच्या गावचा एक जण पेपर वाचून आला होता, म्हणे सरकार एएमसीए नावाचं नवीन लढाऊ विमान बनवून राहिलं, रडारवर दिसत नाही म्हणे ते, अन् पाच नगांसाठी 15,000 कोटी मंजूर केले 2024 च्या मार्च महिन्यात. मी तिथंच मोबाइलवर भागाकार केला. एक विमान 3,000 कोटीचं!

आता राफेल पाहा. 2016 साली 36 घेतले, साधारण 59,000 कोटी, म्हंजे एक नग 1,640 कोटीच्या आसपास, अन् त्यात मिसाइल, सुटे भाग, ट्रेनिंग सगळं आलं. तयार, उडून-लढून पाहिलेलं विमान जर अर्ध्या भावात भेटते तं आपण दुप्पट पैसे देऊन नवीन काऊन बनवून राहिलो जी?

मी काही देशविरोधी नाही, आधीच सांगून ठेवतो, नाहीतं लोकं सुरू होते. फक्त हिशेब समजून घ्यायचा आहे. आमचा भाव 2025-26 ले 2,369 रुपये क्विंटल अन् चुकारा भेटायले दोन-दोन महिने, म्हणून कोटी ऐकलं का डोकं फिरते.

वर्कशॉप_वरुड

भाऊ, भागाकार बरोबर हाये, पण ज्यानं भागलं तो आकडा चुकला. ते 15,000 कोटी पाच विमानाची किंमत नाही, ते विमान *शोधून काढाची* किंमत हाये. पाच नग त्यातून निघतीन, पण ते इकाचे नाहीत, ते उडवून, हलवून, तपासून पाहाचे.

माह्यं सांगतो. माह्यं फॅब्रिकेशनचं दुकान हाये, ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र बनवतो. पहिलं यंत्र बनवलं तवा बियाण्याच्या चकतीनंच जीव खाल्ला. सोयाबीनचा दाणा चकतीच्या भोकात अडके अन् फुटे, मुठीत घेऊन पाहाव तं अर्धी डाळ झालेली. तीनदा चकती बदलली, दोनदा चेसिस कापली, एक अख्खा सांगाडा भंगारात दिला. ते पहिलं यंत्र मले 1 लाख 70 हजाराले पडलं अन् इकलं 62 हजाराले. बायको म्हणे, अशानं दुकान इकाव लागीन. पण फर्मे तयार झाले होते, कुठं किती गेजचं पत्रं लागते ते हाताले समजलं होतं. दुसऱ्या यंत्राले 41 हजार लागले. आतालोक चाळीसेक इकले. आता तुम्ही सांगा, त्या पहिल्या यंत्राची किंमत किती धराची?

विमानाचं तसंच. एक सांगाडा तं फक्त मोडासाठी बनवते, पंखाले जॅक लावून वाकवत नेते कुठं तडकते ते पाह्याले. तो कधी उडतच नाही. त्याचा खर्चही याच पैशात.

अन् खरी मेख पुढंच हाये. अमेरिकेचं बी-2 बॉम्बर घ्या. ठरवलं होतं 132 बनवाचं, मंग रशिया फुटला, शत्रूच नाही राहिला, बनवले फक्त 21. शोधाचा सगळा खर्च त्या 21 नगावर बसला अन् एक विमान 2 अब्ज डॉलरच्या वर गेलं. विमान काही महाग झालं नव्हतं, गिऱ्हाईक कमी झालं होतं. एफ-22 चंही तेच, साडेसातशे घेऊ म्हणत होते, वायुसेनेत गेले 187. मी जर दोनच यंत्रं इकून बंद केलं असतं तं माह्यंही बी-2 झालं असतं.

धानवाला_पवनी

हे समजलं बरोबर. म्हंजे राफेलमध्ये आपण फ्रान्सच्या भंगारात गेलेल्या सांगाड्याचे पैसेही थोडे दिलेच असतीन नं?

वर्कशॉप_वरुड

हाव. फक्त पावतीवर लिवत नाही कोणी.

माजी_सार्जंट_वर्धा

मी वीस वर्षं वायुसेनेत टेक्निकल ट्रेडमध्ये होतो, सोव्हिएत मिग विमानांवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे थोडं माझंही ऐका.

खरेदीची किंमत म्हणजे लग्नाचा खर्च हो, संसार पुढे तीस-चाळीस वर्षं चालतो. 1991 ला सोव्हिएत युनियन फुटलं तेव्हा सुटे भाग कुठून मागवायचे तेच कळेना. एक फॅक्टरी एका देशात, दुसरी दुसऱ्याच देशात, जुना पत्ता चालेना. मला आठवते, हायड्रॉलिकच्या एका रबरी रिंगसाठी, दहा रुपयाच्या नाण्याएवढी असेल, आमचं एक अख्खं विमान महिनाभर हँगरमध्ये उभं होतं. मग काय, दुसऱ्या बंद विमानाची रिंग काढली, नंतर त्याचाच पंप काढला, मग गेज काढले, असं करत करत ते विमान आम्ही पुरतं खाऊन टाकलं. त्याला आम्ही किराणा दुकान म्हणायचो. काही पाहिजे? जा दुकानात. हे कोणत्या हिशेबात धरता तुम्ही? कागदावर ते विमान स्वस्तातच घेतलं होतं.

दुसरं, पैसे देऊनही वस्तू मिळतेच असं नाही. आपल्या तेजस लढाऊ विमानाची फ्लाय-बाय-वायर, म्हणजे पायलटची दांडी अन् पंख यांच्यामध्ये जे कॉम्प्युटर बसते ते, त्यावर आपले लोक अमेरिकेत तिथल्या कंपनीसोबत काम करत होते. 1998 ला पोखरण झालं, निर्बंध लागले, अन् आपल्या टीमला निघा म्हणून सांगितलं. सामान तिथंच राहिलं. मग बंगलोरला आपल्याच लोकांनी ते पूर्ण केलं अन् 4 जानेवारी 2001 ला विमान उडलं. तेजस मुद्दाम अस्थिर बनवलेलं आहे, तो कॉम्प्युटर बंद पडला तर माणसाला ते सांभाळताच येणार नाही, तेव्हा ते जमणं साधी गोष्ट नव्हती. ज्यानं हे एकदा केलं त्याला एएमसीएसाठी ते कोणाच्या दारात मागायला जावं लागणार नाही.

आणि दुसऱ्याच्या शोधात भागीदारी करूनही पाहिली की. रशियासोबत पाचव्या पिढीचं विमान बनवायचं म्हणून 2010 च्या करारात सुरुवातीच्या डिझाइनसाठी 295 दशलक्ष डॉलर दिले, 2018 ला आपण बाहेर पडलो. विमान एकही नाही.

मास्तर_चिमूर

सार्जंट साहेब, तुमचं सगळं मान्य, पण नाण्याची दुसरी बाजू कोणी सांगूनच नाही राहिलं, म्हणून मी वाईट व्हायला तयार आहे.

1983 साली दोन फायली मंजूर झाल्या. एक आपल्या वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची, 372 कोटींची. दुसरी तेजसची, तेव्हा नुसतं एलसीए म्हणजे हलकं लढाऊ विमान म्हणत, 560 कोटींची. एकच वर्ष. गोसेचा सुधारित अंदाज पुढं 18,000 कोटींच्या वर गेला हे पवनीवाल्यांना मी सांगायची गरज नाही. तेजसचं पहिलं स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभं राहिलं 2016 साली. फाइल मंजूर झाली तेव्हा जन्मलेलं पोट्टं तेव्हा तेहतीस वर्षांचं होतं, त्याचं लग्न होऊन त्याची पोट्टी शाळेत जात होती.

महाग काय असते तर हे. थोडे थोडे पैसे सोडायचे, दर दोन वर्षांनी फाइल फिरवायची, मधेच वायुसेनेनं म्हणायचं आम्हाला आता हेही पाहिजे अन् तेही पाहिजे. नहर अर्धी खोदून ठेवली तर पाणी अर्धं येत नाही, येतच नाही. तोवर 1963 ला आणलेलं मिग-21 आपण 2025 च्या सप्टेंबरपर्यंत ओढत नेलं. वायुसेनेला मंजूर 42 स्क्वॉड्रन आहेत, मिग गेल्यावर उरल्या 29. ही किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही.

आणि स्वदेशी स्वदेशी म्हणता, इंजिन कोणाचं आहे? तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनाला 1989 साली 383 कोटी मंजूर झाले, खर्च 2,000 कोटींच्या वर गेला अन् 2008 ला ते तेजसपासून वेगळंच करून टाकलं. आता अमेरिकन इंजिन लावतो. 2021 ला ऑर्डर दिली, त्यातलं पहिलं इंजिन आलं 2025 च्या मार्चअखेर. तेजसचं नवीन मॉडेल मार्क-1ए मार्च 2024 पासून मिळायचं होतं, 2025 च्या नोव्हेंबरपर्यंत एक नाही मिळालं. मग तुमचं किराणा दुकान बंद कुठं झालं? फक्त दुकानदार बदलला.

माजी_सार्जंट_वर्धा

इंजिनाचं बोललात ते खरं आहे, त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही. पण एक गोष्ट त्यातच भर घालतो, ती तुमच्या बाजूची की माझ्या ते तुम्हीच ठरवा. आपण बनवलेलं पहिलं लढाऊ जेट तेजस नव्हे. मारुत बनवलं होतं, जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांना आणून, 17 जून 1961 ला उडलंही. सांगाडा इतका देखणा की आजही पाहत राहावं. पण त्याच्यासाठी जे दमदार इंजिन पाहिजे होतं ते पूर्ण करायला इंग्रज कंपनीनं पैसे मागितले अन् आपण नाही दिले. लहान इंजिनावरच 147 विमानं बनवली, 1971 ला लढली, पण ताकद कमी ती कमीच. मग ते बंद, अन् ज्यांना काम येत होतं ती माणसंही पांगली. 1983 ला पुन्हा पाटी कोरी. त्या वेळी वाचवलेल्या पैशाचं व्याज आपण आज अमेरिकेला देतो.

नागपूर_मेकॅनिकल_थर्ड_इयर

मास्तर काका, धानवाले काका, एक हिशेब माझाही. सगळे 15,000 कोटी ऐकून घाबरले आहेत म्हणून सांगते. फेब्रुवारी 2025 ला पीएम किसानचा जो 2,000 चा हप्ता आला, तो एकच हप्ता 22,000 कोटींचा होता, 9.8 कोटी शेतकऱ्यांना. म्हणजे सात-आठ वर्षं चालणाऱ्या या अख्ख्या प्रोजेक्टपेक्षा तुमच्या एका हप्त्याची बेरीज मोठी आहे. संरक्षणाचं 2025-26 चं बजेट 6.81 लाख कोटी, त्यातले 1.6 लाख कोटी नुसते पेन्शनचे (सार्जंट काका, सॉरी 😄). त्यामुळे विमान बनवणं बंद केलं तर धानाचा भाव वाढेल असं काही होत नाही, ती दोन वेगळी पाकिटं आहेत.

मास्तर काकांचं उशिराचं मात्र एकदम पटलं. आमच्या सीनियरपैकी ज्यांना कंपोझिटमध्ये, म्हणजे विमानाच्या हलक्या-मजबूत मिश्र साहित्यात, काम करायचं होतं ते बाहेर गेले, कारण इथं एका डिझाइननंतर दुसरं यायला वीस वर्षं. हातातलं काम संपलं की माणूस थांबत नाही. 1987 ला इस्रायलनं स्वतःचं लावी विमान कॅबिनेटमध्ये 12 विरुद्ध 11 मतांनी बंद केलं, पण ते इंजिनिअर ड्रोन अन् उपग्रहात गेले, देशातच राहिले बरेचसे, म्हणून तो पैसा पूर्ण बुडाला असं कोणी म्हणत नाही. आपल्याकडे मारुतनंतर जायला जागाच नव्हती.

खर्रा_किंग

एवढी चर्चा झाली पण काटा सुरू झाला का ते कोणी नाही विचारलं 😂

धानवाला_पवनी

झाला बाप्पा, आज दुपारी झाला. माझ्या पुढं आता सहा ट्रॅक्टर आहेत, तिथूनच लिहून राहिलो.

पोरी, तुझा हप्त्याचा हिशेब मी मोठ्यानं वाचून दाखवला. एक म्हातारा म्हणे, 2,000 माझ्या खात्यात आले ते मले समजते, विमानाचे कोणाच्या खात्यात गेले ते समजत नाही, एवढाच फरक. मास्तर, तुमची 1983 ची गोष्ट सांगितली तं सगळे चूप. आमच्या बाजूच्या गावातल्या तिघांची वावरं गोसेच्या पाण्याखाली गेली आहेत, त्यातला एक तिथंच बसला होता. तो म्हणे, धरण तरी उभं आहे, दिसते. विमान पाहाले कुठं जाऊ?

मी म्हटलं नाशिकले, तिथं तेजसची नवीन लाइन सुरू झाली, 2025 च्या ऑक्टोबरात पहिलं उडलं तिथून. तं म्हणे तिकीट काढून दे.

वरुडचे भाऊ, एक राहिलं. बी-2 सारखं होऊ नये म्हणून आपण एएमसीए घेऊन किती राहिलो? पाचाचं ऐकलं, पुढचा आकडा कोणी सांगत नाही.

वर्कशॉप_वरुड

सात स्क्वॉड्रन बोलल्या जाते, म्हंजे सव्वाशेच्या आसपास. पण भाऊ, ऑर्डर हातात येत नाही तवालोक मी पत्रं कापत नसतो. अन् तुमच्या यंत्राचं काय झालं, मागच्या मृगात फोन केला होता नं तुम्ही?

धानवाला_पवनी

चुकारा येऊ द्या जी. नंबर आला, ठेवतो.