फोर्ड आणि कार्व्हर यांची दोस्ती कशावर जमली?

शेंगदाणेवाला
शाळेत असताना जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकेतल्या काळ्या शेतीशास्त्रज्ञाचं चरित्र वाचलेलं, तेव्हापासून माणूस डोक्यात बसलाय. गुलामीत जन्मलेला, अलाबामातल्या टस्कीगीच्या काळ्यांसाठीच्या शिक्षणसंस्थेत आयुष्य काढलेला, कोटाच्या बटनहोलमध्ये फूल खोचून फिरणारा हा माणूस, आणि दुसरीकडे मोटारींच्या कारखान्याचा मालक हेन्री फोर्ड! यांचं जमलं कसं? का फोर्डला नुसता फोटो काढून घ्यायचा होता?

बांधावरून
फोटो तर निघालेच पण मूळ गोष्ट सोयाबीनची आहे भाऊ. फोर्ड शेतकऱ्याचाच पोरगा, मंदीत शेतमालाचे भाव पार कोसळलेले, तेव्हा त्याचं म्हणणं होतं की पीक नुसतं खायला नको, कारखान्यात कच्चा माल म्हणून गेलं पाहिजे. त्याने मिशिगनमधल्या आपल्या डिअरबॉर्न गावी सोयाबीनवर प्रयोग लावले, तेल रंगात आणि उरलेली पेंड प्लास्टिकच्या पार्ट्समध्ये. आणि कार्व्हर इकडे अलाबामात कधीपासून तेच सांगत होते, कापसाने जमीन संपलीय, भुईमूग लावा, मुळांवरच्या गाठी नत्र धरतात. पण एवढा भुईमूग खपवायचा कुठे, म्हणून 1916 च्या पुस्तिकेत 105 पाककृती दिल्या. 1937 ला डिअरबॉर्नला शेतमाल कारखान्यात कसा वापरायचा यावर परिषद होती, तिथे दोघं भेटले, पुढच्या वर्षी फोर्ड स्वतः टस्कीगीला गेला.
(पीनट बटर कार्व्हरनी शोधलं नाही हं, दर वेळी कोणीतरी हे लिहितंच.)

चिकित्सक_काकू
फोर्डला एवढं डोक्यावर नका घेऊ. त्याच्याच पेपरात ज्यूंविरुद्ध काय काय छापून यायचं ते वाचा. आणि सोयाबीनची म्हणून गाजलेली ती 1941 ची प्लास्टिकच्या पत्र्यांची गाडी एकच बनली, मग युद्ध आलं नि विषय संपला.
पण एक गोष्ट मला खरी वाटते. म्हातारपणी कार्व्हरना जिने चढवेनात तेव्हा फोर्डने त्यांच्या राहत्या इमारतीत लिफ्ट बसवून दिली. तेही अशा काळात जेव्हा अलाबामात काळ्या माणसाला बसमध्ये बसायची जागासुद्धा वेगळी होती. याला नुसती जाहिरात म्हणवत नाही मला.

बांधावरून
काकू बरोबर, दोन्ही एकाच माणसात होतं. 1942 ला ग्रीनफिल्ड व्हिलेज या आपल्या उघड्यावरच्या संग्रहालयात फोर्डने कार्व्हरच्या जन्माच्या झोपडीची प्रतिकृती उभारली, शिवाय डिअरबॉर्नला त्यांच्या नावाने लॅब काढली. कार्व्हर तेव्हा तिकडे गेलेले, आणि दोघांनी रानातल्या तणाचं सँडविच खाल्लं! युद्धात अन्न तुटेल म्हणून कार्व्हर रानभाज्या खा म्हणून सांगतच होते. 5 जानेवारी 1943 ला ते गेले.

शेंगदाणेवाला
तणाचं सँडविच 😄 म्हणजे आपला तांदुळजा, घोळ, पाथरीच की! आमची आजी बांधावरून ओचा भरून आणायची, तेव्हा आम्ही नाकं मुरडायचो.
बाकी बांधावरून, तुमच्याकडे यंदा सोयाबीन आहे का? भाव काय चाललाय?

बांधावरून
आहे तीन एकर. भावाचं विचारू नका, फोर्ड असता तर त्यालाच फोन लावला असता.