अनुभव धागा: फ्रान्सच्या खेड्यांत मोटरहोम रात्री कुठे लावता?

कॅले बंदरात उतरून हळूहळू नैऋत्येकडच्या दॉर्दोन्यपर्यंत जायचा बेत आहे. अ‍ॅपवर ठिकाणं ढिगाने दिसतात, पण तारे कुणी कशासाठी दिलेत ते कळत नाही. ज्यांनी प्रत्यक्ष मुक्काम केलाय त्यांनी लिहा. मोठे कॅम्पिंग नकोत.

रेडिंगहून: आमची पहिली पसंती गावच्या नगरपालिकेच्या 'एर'ला, म्हणजे मोटरहोमसाठीच्या तळाला. फुकट किंवा थोडक्या पैशांत जागा, शेजारी पाणी भरायचा आणि सांडपाणी, टॉयलेटची कॅसेट (मैल्याची टाकी) रिकामी करायचा खांब. जुन्या खांबांना कार्ड चालत नाही, टोकन लागतं. ते तंबाखूच्या दुकानात किंवा पर्यटन कार्यालयात मिळतं आणि दुपारी 12 ते 2 सगळं गाव जेवायला गेलेलं असतं. म्हणून पोचलात की आधी टोकन, मग चहा.

आइंडहोवनहून: चर्चपासून लांब लावा. कित्येक गावांत घड्याळ रात्रभर तास वाजवतं आणि दोन मिनिटांनी तेच टोल पुन्हा वाजवतं. सकाळी 7 ला वेगळा घणघणाट.

ब्रिस्टलहून: 'फ्रान्स पॅशन' या योजनेचं सभासदत्व घ्याच. 1993 पासून चालू आहे. वर्षाची वर्गणी भरायची, काचेला स्टिकर लावायचा आणि सभासद शेतकऱ्याच्या आवारात 24 तास फुकट राहायचं. गाडीत स्वतःचं टॉयलेट हवं. खरेदीची सक्ती नाही, पण उतरल्या उतरल्या यजमानाला 'बॉंजूर' घातलाच पाहिजे, तिथे तो शिष्टाचार फार मानतात. सांसेरजवळ शाव्हिन्योलच्या भागात एका शेळीपालकाकडे राहिलो. संध्याकाळी दूध काढायची वेळ झाली तशा शेळ्या आपणहून रांगेत ओट्यावर चढल्या, माना अडकवून खाद्य खात उभ्या राहिल्या. मुलं तिथून हलेनात. मालकीणबाईंनी त्याच शेळ्यांच्या दुधाच्या चीजचे तीन प्रकार चाखायला दिले: एक ताजं मऊ, एक थोडं मुरलेलं आणि एक खडखडीत वाळलेलं, वासाने डोळ्यांत पाणी आणणारं. आमच्या सासूबाईंना तेच आवडलं! मग पिशवी भरून घेतलं, हे सांगायला नको.

तुलूझहून (इथेच राहतो): दोन गोष्टी. चौकातल्या पार्किंगमध्ये लावण्याआधी पाटी वाचा. आठवडी बाजाराच्या दिवशी पहाटेपासून तिथे गाडी लावायला बंदी असते आणि भाजीवाले उजाडायच्या आधी येतात. दॉर्दोन्यमधल्या सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. दुसरं, पार्किंगमध्ये झोपणं वेगळं आणि छत्री उघडून खुर्च्या मांडणं वेगळं. दुसऱ्याला कॅम्पिंग म्हणतात आणि लोक हटकतात. समुद्रकिनारी तर रात्री थांबायला बऱ्याच ठिकाणी बंदीच असते. ऑगस्टमध्ये दुपारी चारच्या आत पोचा.

लेस्टरहून: महामार्गावरच्या विश्रांतीस्थळी झोपू नका. चोऱ्या होतात. एक्झिट घेऊन पाच-दहा किलोमीटर आत गेलात की कुठलंही गाव बरं.

धागाकर्ती: फोडणीचा प्रश्न राहिला. शेजारच्या गाडीला खिडक्या लावून घ्याव्या लागतील का?

ब्रिस्टलहून: छताची खिडकी उघडी ठेवा, पुरे. मोहरीपेक्षा गॅस जपा. इंग्लंडचं सिलिंडर तिथे बदलून मिळत नाही, भरलेलं जास्तीचं घेऊन निघा.